दोन पॉइंट नऊ मिलिमीटर

रविवार, ९ फेब्रुवारी. वारा उत्तरेचा, जोर ५.

गोदीत एक्केचाळीस वर्षं मी रोज कामाची वही लिहिली. कुठल्या जहाजाचा शाफ्ट, लेथवर किती घासला, चूक कोणाची. निवृत्त झाल्यापासून लिहिण्यासारखं काम नव्हतं. आज आलं.

दुपारी जेवताना सुनेने, झिनोवियाने, सांगितलं की तिला दिवस गेलेत. सव्वादोन महिने झाले. फ्लोराने हातातला वाडगा खाली ठेवला, नजर लागू नये म्हणून तीनदा थू थू केलं, छातीवर क्रूस काढला आणि रडायला लागली. मी म्हणालो, "छान." मग आणखी काहीतरी म्हणायला हवं असं वाटलं म्हणून म्हणालो, "फार छान."

"जहाज पाण्यात सोडताना तू याच्याहून जास्त बोलायचास," फ्लोरा म्हणाली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी तिला अजून माझ्याकडून भाषणाची आशा आहे. खरं म्हणजे बोलायला पुष्कळ होतं, पण ते जेवणाच्या टेबलावर कशाला.

झिनोवियाची एक अट आहे. मानेची तपासणी होईपर्यंत गावात कोणाला कळता कामा नये. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजतात. थर पातळ असला की निश्चिंत, जाड असला तर पुढच्या तपासण्या. सुनेचं वय सदतीस, म्हणून ती जपून आहे. आमचा आंद्रिकोस जहाजावर सेकंड इंजिनियर, सध्या सिंगापूरच्या पुढे कुठेतरी. त्याला यायला जून उजाडेल. तेव्हा घरात उरलो आम्ही तिघं, मी, फ्लोरा आणि माझा धाकटा भाऊ झान्निस. तिघांनी शपथ घेतली. झान्निसने तर उजवा हात वर करून घेतली.

हे दोन वाजता. पाचला मी धक्क्यावर कॉफी प्यायला गेलो तर वेटरने न मागता केक आणून ठेवला आणि म्हणाला, "आजोबा, तोंड गोड करा!"

घरी येऊन झान्निसला पकडलं. तो म्हणाला, "मी गावाला नाही सांगितलं. मी थेक्लाबाईंना सांगितलं." थेक्लाबाईंचं लुकुमीचं, म्हणजे पिठीसाखरेत घोळलेल्या मऊ वड्यांचं, दुकान बंदराच्या तोंडाशी आहे. तीस वर्षं झान्निस तिथे मिठाईचे डबे घडी घालून तयार करतो. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे बेटावरच्या बकऱ्यांनाही ठाऊक आहे. त्याच्या दृष्टीने शपथ पाळली गेली, तो शांत झोपायला गेला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. वारा ४.

एक गोष्ट खटकते. मिलिमीटरचे दशांश मोजायचे, तेही पोटातल्या जिवाचे, तेही पडद्यावर. मी शतांशापर्यंत मोजायचो, पण माझा शाफ्ट हातपाय हलवत नसे. झिनोवियाला विचारलं की हे मोजणाऱ्याला कोण तपासतं. ती शाळेत शिकवते, तिला समजावण्याची सवय आहे. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना त्याचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. आणि अधूनमधून आपल्या मापांचे फोटो पाठवून तपासून घ्यावे लागतात."

"असं असेल तर ठीक," मी म्हणालो. मग जाऊन माझा व्हर्नियर कॅलिपर तेल लावून पुसून ठेवला. त्याची गरज पडेल असं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी. वारा ६.

झिनोवियाची डॉक्टर अथेन्सला असते. पाच मार्चची वेळ मिळाली. बाळ डोक्यापासून बुडापर्यंत पंचेचाळीस ते चौऱ्याऐंशी मिलिमीटर असेल तेवढ्या दिवसांतच हे माप घेतात. म्हणजे तेरा आठवडे सहा दिवसांच्या पुढे गेलं की खेळ खलास, ते माप मग काहीच सांगत नाही. मी कॅलेंडरवर बारा मार्चला लाल रेघ मारली. फ्लोरा म्हणाली, "तुला नोकरी परत मिळाल्यासारखं वाटतंय." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मंगळवार, ४ मार्च. वारा ८, म्हणजे वादळी. बोटी बंद.

बुधवार, ५ मार्च. वारा ९. बोटी बंद.

झिनोवियाने डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, वारा पडला की या, मी मधे घुसवते.

शुक्रवार, ७ मार्च. वारा ९.

बंदर कचेरीत तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला तिथला अधिकारी म्हणाला, "मिस्त्री, वारा मी सोडलेला नाही." मी त्याला म्हणालो की तुझ्या वयाचा असताना मी नऊच्या वाऱ्यात नांगरावर काम केलंय. तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही गरोदर नव्हतात."

मी अजिबात काळजीत नाही. रात्री चारदा उठलो ते खिडकी वाजत होती म्हणून.

रविवार, ९ मार्च. वारा ७, उतरतोय.

आंद्रिकोसचा फोन आला. तीन मिनिटं लागला, त्यातली एक खरखर. "बाबा, तिच्याबरोबर तुम्ही जा. आणि बाबा, कृपा करून तिथे कोणाला काही शिकवू नका." मुलगा गुणी आहे, फक्त बापाला ओळखत नाही.

मंगळवार, ११ मार्च. अथेन्स. इथे वारा मोजत नाहीत.

सगळं क्रमाने लिहितो.

काल बोट सुटली. आज तेरा आठवडे पाच दिवस. डॉक्टरीणबाईंचं नाव कराथानू. बुटक्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. झिनोविया त्यांना म्हणाली, "सासऱ्यांना आत येऊ द्या. बाहेर ठेवलं तर ते कुठलंतरी यंत्र उघडतील."

आधी प्रश्न विचारले. वय, आधीची बाळंतपणं, औषधं. मग म्हणाल्या, "घराण्यात कोणाला डाऊन सिंड्रोम किंवा असं काही?"

"नाही," मी म्हणालो. प्रश्न आमच्या घराण्याचा होता म्हणून मीच उत्तर दिलं.

झिनोवियाने माझ्याकडे पाहिलं. "बाबा."

"काय?"

"झान्निसकाका."

"झान्निसचं काय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. झिनोविया त्यांना म्हणाली, "यांच्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. छप्पन्न वर्षांचे आहेत."

मी म्हणालो, "झान्निस तर थेक्लाबाईंकडे कामाला आहे."

हेच शब्द. लिहायला लाज वाटते, पण वहीत खोटं लिहायचं नाही हा गोदीचा नियम. मला माहीत नव्हतं असं नाही. झान्निस अकरा वर्षांचा असताना आई त्याला अथेन्सच्या एका मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्यांनी दिलेल्या कागदावर ते लिहिलेलं होतं. आईने घरी येऊन कागद कपाटात चादरींखाली ठेवला आणि आम्हाला जेवायला वाढलं. त्यानंतर तो कागद कोणी काढला नाही. घरात झान्निस होता, झान्निसला झान्निस म्हणायचे.

डॉक्टर म्हणाल्या, "त्याने फारसा फरक पडत नाही. बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही, आपोआप घडतं." आणि दिवा मालवला.

पडद्यावर बाळ दिसलं. डोकं खाली, पाय वर, पाठ आमच्याकडे. डॉक्टरांनी पोटाला थोपटलं, हलवलं, झिनोवियाला खोकायला लावलं. बाळ ढिम्म. त्या म्हणाल्या, मान सरळ हवी. डोकं मागे टाकलेलं असेल तर माप जास्त भरतं, हनुवटी छातीला टेकली तर कमी. "जा, काहीतरी गोड खा आणि अर्धा तास फिरून या."

पिशवीत झान्निसने दिलेला गुलाबाच्या लुकुमीचा डबा होता. तिने चार तुकडे खाल्ले, मी सहा. आम्ही त्या चौकाला तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला मी सुचवलं, "जरा उडी मारून बघ." तिने मारली. मी म्हणालो, "आणखी एक." वर्तमानपत्रं विकणारी म्हातारी टपरीतून अर्धी बाहेर आली. "मेल्या, लाज नाही वाटत? पोटुशीला उड्या मारायला लावतोस!" झिनोविया हसत भिंतीला टेकली. खरं सांगायचं तर गेल्या महिन्याभरात मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

परत गेलो तर बाळ उताणं झोपलेलं, मान सरळ, जसं काही मापासाठीच. डॉक्टरांनी चित्र मोठं केलं, एवढं मोठं की पडदाभर फक्त डोकं आणि छाती. मानेमागे काळी फीत दिसली. तीच ती. दोन छोट्या फुल्या आणल्या, एक या कडेला, एक त्या कडेला.

"आतून आत की बाहेरून बाहेर?" मी विचारलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"टर्नर होतो. प्रोपेलर शाफ्ट."

"आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, मिस्त्री. पांढरी रेघ मोजायची नाही, फक्त काळा भाग. आणि जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे."

बाई कामाची आहे. तीनदा मोजलं. दोन पॉइंट आठ. दोन पॉइंट नऊ. दोन पॉइंट सात.

"सरासरी काढायची?" मी म्हणालो.

"नाही. नीट घेतलेल्या मापांपैकी सगळ्यात मोठं धरायचं." आणि मग त्यांनी पडद्यावरचे आकडे वाचून दाखवले. बाळ सत्त्याहत्तर मिलिमीटर. या लांबीला मानेमागे अडीच-पावणेतीनपर्यंत चालतं. दोन पॉइंट नऊ म्हणजे किंचित वर. नाकाचं हाड दिसतंय, ठोके चांगले आहेत. पण दोन पॉइंट नऊ.

झिनोवियाचं रक्त घेतलं. वय, माप, रक्त सगळं मिळून संध्याकाळी आकडा आला. एकशे दहात एक. म्हणजे अशा एकशे दहा बायकांपैकी एकीचं बाळ डाऊनचं असेल. खात्री करायची तर सुई घालून वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा, तुकडा काढायचा, त्यात थोडा धोका. नाहीतर आईच्याच रक्ताची वेगळी तपासणी, जवळजवळ खात्रीची, दहा दिवसांनी कळतं. तिने रक्त निवडलं.

मी तिला धीर द्यायला म्हणालो, "एकशे दहात एक नग नापास म्हणजे गोदीत आम्हाला शाबासकी मिळायची."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. दमली असणार.

बुधवार, १२ मार्च. वारा ३. लाल रेघेचा दिवस.

परतीच्या बोटीत झिनोवियाने विचारलं, "बाबा, आणि तसंच निघालं तर?"

मी नीट विचार केला आणि म्हणालो, "माप तर बाई बरोबर घेते. पण यंत्र शेवटचं कधी तपासलं ते विचारायचं राहिलं."

ती म्हणाली, "हं." आणि डोळे मिटले. बोट लागते तिला.

घरी फ्लोराने जेवण वाढून ठेवलं होतं. झिनोवियाने काही लपवलं नाही. झान्निस समोर होता तरी सरळ सांगितलं, "बाळ झान्निसकाकांसारखं असण्याची थोडी शक्यता आहे."

झान्निसचा चमचा हवेत थांबला. "माझ्यासारखं?"

"कदाचित, काका. दहा दिवसांनी कळेल."

"माझ्यासारखं," तो मला म्हणाला, मला ऐकू गेलं नसेल तर म्हणून. मग उठला, सणावारी घालतो तो कोट चढवला आणि दुकानात गेला. कामाची वेळ पाचची, तेव्हा वाजले होते साडेतीन. डाळ अर्धी तशीच. झान्निसने ताटात टाकल्याचं मला आठवत नाही.

गुरुवार, १३ मार्च. वारा ४.

गावभर अभिनंदन.

न्हाव्याने वस्तरा थांबवून हात मिळवला. "कळलं, मिस्त्री! झान्निससारखं येतंय! एक झान्निस गावाला पुरत नव्हताच." मी म्हणालो, अजून काही नक्की नाही. तो म्हणाला, सगळं चांगलं होईल.

थेक्लाबाईंनी मला दुकानात ओढून नेलं आणि झान्निसच्या शेजारची जागा दाखवली. तिथे नवीन स्टूल. "राखून ठेवलंय. डबे घडी घालायला चार हात असले की उन्हाळ्यात मला चिंता नाही."

"बाई, एकशे दहात एक एवढीच शक्यता आहे."

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "असू दे. लॉटरीचं तर लाखात एक असतं, तरी लोक तिकीट घेतातच ना? धीर सोडू नका. मी दिवा लावते."

त्या कशासाठी दिवा लावणार आहेत हे लक्षात आल्यावर मी फ्लोराला सांगितलं. फ्लोरानेही चर्चमध्ये दिवा लावलाय, उलट मागण्यासाठी. दोन्ही दिवे एकाच संतापुढे. तो काय करतो ते बघायचं.

झान्निस मागे बसून डबे घडी घालत होता. रोज तासाला साठ करतो, आज सत्तर केले असं थेक्लाबाई म्हणाल्या.

शुक्रवार, १४ मार्च. वारा ४.

माझ्याकडून आज मोठी चूक घडली.

डॉक्टरांनी दिलेला फोटो झिनोवियाने फ्रिजवर लावला होता. फुल्यांसकट, बाजूला मोजपट्टीच्या खुणांसकट. माझ्या मनात आलं, आपण आपलं मोजून बघावं, कोणाला सांगायची गरज नाही. ती शाळेत गेल्यावर फोटो खालच्या खोलीत माझ्या टेबलावर नेला, चांगला दिवा लावला, व्हर्नियर काढला. बाहेरून बाहेर मोजलं. खुणांशी हिशेब लावला तर तीन पॉइंट सात. मी खालीच बसलो. मग आतून आत मोजलं, दोन पॉइंट चार. आनंदाने उभाच राहिलो. पुन्हा मोजलं, तीन पॉइंट एक. फोटोवर लुकुमीच्या पिठीसाखरेचं बोट लागलेलं, कड नीट दिसत नव्हती. माप घेण्याआधी पृष्ठभाग पुसून घ्यायचा हे मी शिकाऊंना आयुष्यभर सांगत आलो. बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसला.

तो कागद साधा नव्हता, उष्णतेने छपाई होते त्या जातीचा. बोळा फिरला तसा तो काळा झाला. आधी पाय गेले, मग पोट, मग मान. मी फुंकर मारली, झटकला, काही उपयोग झाला नाही. अर्ध्या मिनिटात टेबलावर काळा कागद.

फ्लोरा जिन्यावरून म्हणाली, "खाली काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हणालो.

शनिवार, १५ मार्च. वारा ५.

झिनोवियाला सांगितलं. तिने कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "फोटोचं काही नाही, बाबा. डॉक्टर दुसरा पाठवतील." आणि कागद टेबलावर ठेवून बसली.

"एक विचारू? तिथे तुम्ही 'नाही' का म्हणालात?"

"कधी?"

"घराण्यात कोणाला आहे का, विचारलं तेव्हा. तुम्हाला झान्निसकाकांची लाज वाटते का? वाटत असेल तर तसं सांगा. मला माहीत असायला हवं. चार दिवस मी तेवढाच विचार करतेय, एकशे दहाचा नाही."

मला माणसांनी चोर म्हटलं असतं तरी एवढं लागलं नसतं. मी म्हणालो, "मला आठवलंच नाही."

"काय आठवलं नाही?"

"की त्याला ते आहे. बाईंनी रोगाचं नाव घेतलं, मी घरात रोगी शोधला, सापडला नाही. झान्निसचं विचारलं असतं तर झान्निसचं सांगितलं असतं."

तिने काळा कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "तुम्ही खरंच तसेच आहात, नाही?" कसा, ते सांगितलं नाही. पण जाताना माझ्या टकलाची पापी घेतली. फोटो काळा केल्याची शिक्षा अशी असते हे मला ठाऊक नव्हतं.

रविवार, १६ मार्च. वारा ४.

घरात सगळे मानेबद्दल बोलतात म्हणून झान्निसने जेवणानंतर कॉलर उघडली आणि म्हणाला, "माझी मोज."

शाफ्टला वापरायचो तो मोठा कॅलिपर आणला. तो डोळे मिटून, श्वास रोखून बसला. मग टेपही फिरवली. त्याचा गळा चव्वेचाळीस सेंटिमीटर. मग म्हणाला, "आता दादाची." माझा एक्केचाळीस.

"मी जास्त," तो म्हणाला. "दादा तीन कमी." सगळ्यांना दोनदा सांगितलं, उद्या थेक्लाबाईंनाही सांगणार आहे. झिनोविया पोट धरून हसली आणि हसता हसता रडायला लागली. फ्लोरा म्हणते, गरोदरपणात असं होतं.

बुधवार, १९ मार्च. वारा २.

आज कोणी घरात नाही म्हणून लिहितो.

मी भित्रा माणूस आहे. आई गेली तेव्हा झान्निस पंचवीसचा होता. तिने मला काही सांगितलं नाही, फक्त त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या दिवसापासून मी दरवर्षी एकच हिशेब करतो: माझं वय, त्याचं वय, माझा रक्तदाब, त्याचं हृदय. मी आधी गेलो तर याचं कोण बघणार? आणि आता एकाच्या जागी दोन असतील तर? बोटीत झिनोवियाने विचारलं तेव्हा मला प्रश्न कळला होता. कळला होता म्हणूनच यंत्राचं बोललो.

मला ते बाळ हवं आहे, कसंही असलं तरी. हे तिला तोंडाने सांगायला हवं होतं. वहीत सांगून काय उपयोग.

झान्निसच्या गोळ्या संपल्या असतील म्हणून कपाट उघडलं. आठवड्याच्या सात खणांची डबी भरून ठेवलेली, झिनोवियाच्या अक्षरात वारांची नावं. शेजारी त्याच्या हृदयाच्या तपासणीची तारीख, पुढच्या वर्षाचीसुद्धा. केव्हापासून हे ती करतेय कोण जाणे. फ्लोराच करते असं मी समजत होतो.

झोपण्याआधी आणखी एक: संध्याकाळी फ्लोरा भाजी निवडत असताना मी झिनोवियाला म्हणालो, "कसंही असलं तरी." तेवढंच बाहेर पडलं. ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा. फक्त ऐकायचं होतं."

शुक्रवार, २१ मार्च. वारा नाही.

सव्वाबाराला फोन आला. झिनोवियाने आमच्यासमोरच घेतला, उभ्याने. "हो... हो... बरं." मग खुर्चीत बसली आणि फोन छातीशी धरला.

"डाऊन नाही. दुसरंही काही नाही. जवळजवळ खात्री. पाचव्या महिन्यात हृदय नीट बघायचं, पण आज सगळं ठीक आहे." आणि मग, "मुलगी आहे."

फ्लोराने आधी थू थू केलं, मग आरडाओरडा, मग शेजारणीला खिडकीतून हाक. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझ्या चेहऱ्याचं काय चाललं होतं ते मला आवरत नव्हतं. झिनोविया हुंदके देत रडत होती, दहा दिवसांचं एकदम.

थोड्या वेळाने झान्निसकडे लक्ष गेलं. तो दारात उभा होता, सणाचा कोट घालून. निकालाचा दिवस म्हणून घातला असणार.

"माझ्यासारखी नाही?" त्याने विचारलं.

फ्लोराचा आवाज मधेच थांबला. शेजारीण खिडकीत तशीच. मीच पुढे झालो. मोठा भाऊ मी. "नाही रे झान्नि," मी म्हणालो. "तुझ्यासारखी नाही." एवढं बोलताना मला खरोखर वाईट वाटलं, आनंदाच्या मधोमध. कोणाच्या तरी तोंडचा घास काढून घेतल्यासारखं.

त्याने मान हलवली. कोटाचं बटण काढलं, परत लावलं.

"मग कोणासारखी?"

"ते अजून माहीत नाही."

"दादासारखी?"

झिनोवियाने नाक पुसलं. "असेलही, काका."

झान्निसने माझ्याकडे पाहिलं. टकलापासून चपलांपर्यंत, सावकाश, एकदाही नजर न काढता. मग झिनोवियाजवळ गेला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या कानाशी वाकला, पण त्याचं कुजबुजणंही सगळ्यांना ऐकू जातं.

"असू दे," तो म्हणाला. "रडू नकोस. आपण सांभाळून घेऊ."